वर उघडणारी दारं आणि कोकणातलं खारं वारं

स्पोर्ट्स कारला वर उघडणारी दारं बसवायची म्हटलं की सगळी चर्चा किटच्या किमतीवर आणि फोटोवर होते. रत्नागिरी-मालवणच्या पट्ट्यात गाडी ठेवणाऱ्याने मात्र तीन गोष्टी आधी बघाव्यात: गॅस स्ट्रट (दार वर तोलून धरणारा गॅसभरला दांडा), पाणी आणि मीठ. बिजागरी चार दिवसांत बसते. पुढे पाच पावसाळे ती टिकते की नाही, हे या तिघांवर ठरतं.

त्याही आधी कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून किट मागवण्याआधी आरटीओला लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. तोंडी "चालतंय हो" हे अपघातानंतर कुणालाच आठवत नाही.

या दारांचं मूळ बघितलं तर नुसती हौस नव्हती. मार्चेल्लो गांदिनी यांनी बेर्तोनेसाठी १९६८ मध्ये केलेल्या अल्फा रोमिओ काराबो या प्रदर्शनी गाडीवर ती पहिल्यांदा आली. मग १९७१ च्या जिनिव्हा प्रदर्शनातल्या लॅम्बोर्गिनी काऊंटाशवर, आणि १९७४ पासून तिच्या विक्रीच्या गाडीवर. काऊंटाश रुंद होती आणि मागचं जवळजवळ काहीच दिसायचं नाही. रिव्हर्स घेताना दार वर करून, उंबऱ्यावर बसून मागे बघत गाडी काढणं हा तिचा ठरलेला प्रकार होता. पण तिथे चॅसिसच त्या दारासाठी आखलेली होती. आपण किट लावतो तेव्हा पुढच्या खांबाच्या ज्या दोन जागा दार आडवं फिरवण्यासाठी केल्या आहेत, त्यांच्यावरच उभं फिरणारं वजन टांगतो. पुढची सगळी दुखणी यातून निघतात.

किट दोन तऱ्हेचे. एक त्या-त्या मॉडेलसाठी केलेला, मूळ बोल्टच्या भोकांवर बसणारा. दुसरा 'युनिव्हर्सल', म्हणजे वेल्डिंगचा. दुसरा घेऊ नका. पुढच्या खांबात बऱ्याच आधुनिक गाड्यांत उच्च ताकदीचं पोलाद असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने ते नरम पडतं, आणि आतल्या पोकळीतला गंजरोधक थर जळतो तो वेगळाच. बाहेरून रंग मारला तरी आतून खारी हवा पत्रा खात बसते. ऑडी टीटी, बीएमडब्ल्यू झेड४, निसान ३७०झेड, मस्टँग अशा बिनचौकटीच्या काचेच्या दारांना हे काम सोपं जातं. काचेला चौकट असेल तर वरचा कोपरा बिडिंगमधून (दाराभोवतीच्या रबरी पट्टीतून) सुटायला दार आधी जास्त बाहेर यावं लागतं.

चांगल्या किटमध्ये दाराची चाल दोन टप्प्यांची असते: आधी १० ते १५ अंश बाहेर, मग वर. आपल्याकडे चिऱ्याच्या गडग्याला लागून गाडी लावणाऱ्यांना याचा खरा फायदा आहे. दार १.२ मीटर लांब आणि १५ अंश बाहेर, म्हणजे टोक साधारण ३१ सेंटीमीटर बाहेर येतं. साध्या दारातून नीट उतरायला त्याच्या दुप्पट जागा लागते. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाड्या खेटून लावतात, तिथेही हेच कामी येतं.

काम सुरू करताना सगळ्या फटी मोजून कागदावर लिहा: दार-फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा), दार-मागचा पत्रा, दार-उंबरा. मूळ बिजागरीभोवती मार्करने रेघ ओढा. एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नका, मोजमापाला ती शाबूत असलेली बरी. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ जाऊ द्या, कारण अनेक गाड्यांत दारातच साइड एअरबॅगचा सेन्सर असतो. मग चाक, आतलं प्लास्टिकचं लायनर, बंपरचा कोपरा आणि शेवटी फेंडर. फेंडरचे बहुतेक बोल्ट १० च्या गोटीचे असतात. समुद्राजवळच्या गाडीत त्यातले एक-दोन गंजून बसलेले निघतातच. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, नाहीतर बोल्टचं डोकं हातात आणि दांडा आत.

दार काढताना दोन माणसं हवीत आणि खाली फोम गुंडाळलेला जॅक. आधी वायरिंगचा प्लग, मग चेक स्ट्रॅप (दार जास्त उघडू न देणारी पट्टी), मग बिजागरीचे बोल्ट, हाच क्रम. किटची बिजागरी खांबाला हातानेच कसा, दार टांगा आणि अगदी सावकाश बंद करत लॉक स्ट्रायकरवर (ज्यात ते अडकतं त्या कडीवर) कसं येतं ते पाहा. समायोजनालाही क्रम आहे: आधी उंची, मग आत-बाहेर, मग बाहेर येण्याचा स्टॉप (चाल अडवणारा स्क्रू), शेवटी वरचा स्टॉप. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक स्क्रू आधीचं काम बिघडवतो. फटी मूळ मापाला आल्या की टॉर्क पाना लावा. गाडीच्या किंवा किटच्या कागदात आकडा दिला असेल तर तोच घ्या. नसेल तर ८.८ ग्रेडच्या कोरड्या एम८ बोल्टला २५ न्यूटन-मीटर आणि एम१० ला ४९ च्या आसपास. स्टॉपच्या स्क्रूंना निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद).

इथे एक मोह आवरायचा. 'गंज नको' म्हणून बिजागरीला स्टेनलेसचे बोल्ट टाकणारे पुष्कळ आहेत. बाजारात सहज मिळणारा ए२-७० स्टेनलेस बोल्ट ७०० मेगापास्कल ताकदीचा, आणि ८.८ चा बोल्ट ८०० चा. शिवाय फेंडर किंवा दार ॲल्युमिनियमचं असेल तर खाऱ्या ओलाव्यात स्टेनलेसलगतचं ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. झिंक चढवलेला ८.८ चाच बोल्ट ठेवा आणि कसून झाल्यावर डोक्यावरून मेणाचा गंजरोधक फवारा.

फेंडरची आतली कड बहुतेक गाड्यांत थोडी कापावी लागते. एकदम ग्राइंडर फिरवू नका. फेंडरच्या कडेला आणि दाराच्या पुढच्या कडेला मास्किंग टेपचे दोन थर लावा, दार बोटभर-बोटभर उघडा, टेप घासली तिथेच दोन-दोन मिलिमीटर काढा. कापलेल्या कडेला कानस, झिंक प्रायमर, रंग आणि वरून सीलर. उघडी कड एका पावसाळ्यात लाल होते. दार फेंडरला घासत असेल तर दोष बहुतेक वेळा कडेचा नसतो. बाहेर येण्याचा टप्पा पुरा होण्याआधीच दार वर चढायला लागलेलं असतं. तिथे स्टॉप फिरवायचा, पत्रा कापायचा नाही. शेवटी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर बिजागरीला किंवा स्ट्रटला लागत नाही ना, ते बघा. सस्पेन्शन दाबूनही बघा, कारण आपल्या रस्त्यांवर ते दाबलं जाणारच आहे.

वायरिंग १५ ते ३० सेंटीमीटर वाढवावं लागतं. एअरबॅग सेन्सरच्या आणि पिळलेल्या जोडवायरी कापू नका. दोन्ही टोकांना मूळ प्लग असलेली एक्स्टेन्शन केबल घ्या, पीळ तसाच राहिला पाहिजे. वायरीचा झोल बिजागरीच्या फिरण्याच्या जागेजवळून न्या आणि प्लगच्या आधी खाली लोंबता ठेवा, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, प्लगमध्ये जाणार नाही.

आता स्ट्रट. तो सगळ्यात शेवटी लावायचा. आधी लावला तर त्याच्या रेट्याने दार जागेवर असल्यासारखं दिसतं आणि चुकलेली लेव्हल झाकली जाते. स्ट्रट किती ताकदीचा हवा याचा हिशेब सोपा आहे. दार २५ किलोचं, त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ५५ सेंटीमीटरवर, म्हणजे ते आडवं असताना सुमारे १३५ न्यूटन-मीटर. स्ट्रटची रेघ बिजागरीपासून ८ सेंटीमीटरवर असेल तर त्याला साधारण १७०० न्यूटन रेटा द्यावा लागतो. दार काट्यावर तोला, आकडा टाका. 'जास्त ताकदीचा टाकू, झटकन वर जाईल' हा विचार महागात पडतो. तेवढाच रेटा बंद दाराच्या बिजागरीवर आणि लॉकवर रात्रंदिवस बसतो, आणि दार खाली ओढायला लटकावं लागतं.

स्ट्रटवर छापलेला आकडा २० अंशांचा असतो. आत नायट्रोजन, त्यामुळे तापमान उतरलं की रेटाही उतरतो. मे महिन्याच्या ३५ अंशांवरून डिसेंबरच्या पहाटे १८ वर आलं की साडेपाच टक्के गेले. १७०० चे सुमारे १६०० राहिले. मेमध्ये जेमतेम तोललेलं दार डिसेंबरात डोक्यावर येतं ते यामुळे. त्यात गाडी घाटीवर तोंड वर करून उभी असेल तर उभं दार मागे कलतं आणि खाली यायला आणखी निमित्त मिळतं. दार तीन-चतुर्थांश वर जाऊन रेंगाळायला लागलं की दोन्ही बाजूंचे स्ट्रट जोडीने बदला. एकच बदलला तर दोन्ही दारांची चाल वेगळी होते.

शक्य असेल तिथे दार बंद असताना दांडा खालच्या अंगाला राहील असा स्ट्रट बसवा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. सील कोरडं पडलं की गॅस निसटतो. दांड्याला ग्रीस लावू नका. त्यावर वाळू चिकटते आणि प्रत्येक उघडझापीत सील कापते. कोरड्या मऊ फडक्याने पुसणं पुरे. मेलेला स्ट्रट भोक पाडून किंवा जाळून टाकू नका, आत शंभर बारच्या घरातला दाब उरलेला असू शकतो. भंगारवाल्यालाही ते सांगा.

पावसाचं पाणी साध्या दारात काचेच्या फटीतून आत शिरतं आणि तळाच्या भोकांतून निघून जातं. दार उभं केलं की त्याचं पुढचं टोक तळ होतं. आत साठलेलं पाणी तिकडे धावतं, आणि तिथेच वायरिंगचं रबर आणि बऱ्याच गाड्यांत स्पीकर असतो. म्हणून तळाची भोकं लाल मातीने बुजू देऊ नका. दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा पुढच्या कोपऱ्यात ब्यूटिल टेपने नव्याने चिकटवा. कापलेल्या लायनरच्या जागी रबराचा पडदा लावा, नाहीतर चाकाचा चिखल थेट बिजागरीवर. बिडिंग तपासायला कागदाची पट्टी दारात धरून ओढा. सगळीकडे सारखी अडली पाहिजे. जिथे सहज निघते तिथूनच जुलैत पाय भिजणार.

मीठ फक्त वाऱ्यातून येत नाही. मिरकरवाड्यासारख्या बंदरावरून निघालेल्या मासळीच्या गाड्यांतून बर्फाचं खारं पाणी रस्त्यावर गळत असतं. अशा गाडीच्या मागे चिकटून आपली चालवली की ते फेंडरच्या आत जातं. घरी आल्यावर गोड्या पाण्याचा साधा पाइप आतून मारा. प्रेशर वॉशरची धार स्ट्रटच्या सीलवर किंवा प्लगवर नको. बिजागरीला ग्रीस भरायचं निपल असेल तर पावसाळ्यात महिन्यातून एकदा ग्रीस, जुनं काळं बाहेर पडून नवं दिसेपर्यंत. बंद व्हायच्या बेतात असलेल्या दाराची मागची कड हाताने वर उचलून बघा. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त हाललं तर बुश (बिजागरीच्या खिळीभोवतीच्या नळ्या) झिजलेत. नुसते बोल्ट आवळून ते भरून निघत नाही.

वाऱ्याचंही ऐका. उभं दार बाजूने येणाऱ्या वाऱ्याला शिडासारखं अडतं. ताशी ७२ किलोमीटरच्या झोतात चौरस मीटरभर दारावर पंचवीसेक किलोचा आडवा रेटा बसतो, आणि बिजागरी तर उभ्या वजनासाठी केलेली. किनाऱ्यावर गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून लावा, मग वाऱ्याला फक्त कड लागते. माडाखाली दार वर करून ठेवण्याबद्दल वेगळं सांगायला नको. दारं वर असताना उंची १.९ ते २.१ मीटरपर्यंत जाते. जुन्या पडवीची वळचण माणसालाच वाकायला लावते, तिथे आधी टेप धरा. उतरणाऱ्याच्या डोक्याच्या रेषेत येणाऱ्या दाराच्या खालच्या कडेला रबराची पट्टी लावा. पाहुण्यांपैकी पहिलं डोकं तिथेच आपटतं.

घाटातून जाणाऱ्याने गाडीत सीटबेल्ट कापायचं आणि काच फोडायचं हत्यार हाताशी ठेवावं. गाडी टपावर उलटली तर वर उघडणारं दार उघडायला जागाच उरत नाही. मर्सिडीज एसएलएसच्या पंखदारांच्या बिजागरीत यासाठी स्फोटाने सुटणारे बोल्ट दिले होते. बाजारच्या किटमध्ये तसं काही नसतं.

आणि कापायला मूळ फेंडर वापरू नका. जुन्या बाजारातून फेंडरची दुसरी जोडी घ्या, ती कापा, रंगवा, लावा. मूळ फेंडर, बिजागऱ्या, चेक स्ट्रॅप आणि बोल्ट बाजूवार चिठ्ठ्या लावून, तेलाच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना किंवा आरटीओने मूळ स्थितीत आणायला सांगितलं तर एवढ्या सामानात ती परत जागेवर येते.