तुम्ही विचारलंत म्हणून: केबलवर अंतराळ इतकं काळं का?

प्रश्न नेहमी साधारण असाच येतो: “केबलवर जुना सायन्स फिक्शन पिक्चर लागला की अर्धा वेळ पडदा काळा, माणसं एकतर चपटी नाहीतर लांबुळकी, आणि गोष्ट मधूनच गायब. केबलवाल्याला किती वेळा फोन करायचा?”

काळ्या पडद्यासाठी एकदाही नाही. डिजिटल केबलसाठी ज्या 38 शहरांना 31 मार्च 2013 ची मुदत होती, त्यांत आपलं नागपूरही होतं. त्याआधीच्या अ‍ॅनलॉग केबलवर सिग्नल पडला की मुंग्या यायच्या, रंग उडायचे, माणसाशेजारी त्याचीच दुसरी सावली उभी राहायची. डिजिटल सिग्नल पडला की चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो, चित्र गोठतं किंवा सरळ ‘नो सिग्नल’ येतं. चित्र अंधारं होत नाही. म्हणून चौकोन दिसले तर वायर बघा, अंधार दिसला तर टीव्ही बघा.

मग बाकी कार्यक्रम बरे दिसतात आणि नेमके हेच पिक्चर का बिघडतात? मालिका भरपूर उजेडात, चेहऱ्यांवर चालते. ‘एलियन’ (1979) किंवा ‘ब्लेड रनर’ (1982) यांची निम्मी करामत काळोखात आहे आणि उरलेली पडद्याच्या दोन्ही कडांना. प्रसारणाचा एन्कोडर, म्हणजे चित्र आकसून पाठवणारं यंत्र, डेटा वाचवायला निघाला की पहिली कात्री अंधाऱ्या भागाला लावतो, कारण तिथला फरक डोळ्याला कमी जाणवतो. त्यात जुन्या फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रातली बारीक कणकण, दर फ्रेमला बदलतो. एन्कोडरला तो तपशील वाटतो, त्यावर डेटा खर्ची पडतो आणि पिक्सेलभर ताऱ्याच्या वाट्याला काही उरत नाही. काळोख आणि रुंदी, केबल हात मारते ते या दोनच गोष्टींवर. पैकी काळोख बराचसा घरच्या घरी परत मिळवता येतो.

आधी चॅनेल. त्याच चॅनेलची एचडी आवृत्ती असेल तर तीच घ्या. फेब्रुवारी 2019 पासून ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाच्या नियमानुसार चॅनेल सुटं घेता येतं, त्यासाठी अख्खा पॅक गळ्यात मारून घ्यायची गरज नाही. पण एचडी घेऊन बॉक्स जुन्याच पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरने जोडलेला असेल तर पैसे वाया. पिवळ्या वायरमधून एचडी जातच नाही. एचडीएमआय वायर लावा आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन 1080आय करा. नवा बॉक्स लावून देणारा माणूस कित्येकदा ते 576 वरच, म्हणजे साध्या दर्जावरच, सोडून जातो.

आता टीव्ही. दुकानात टीव्ही ज्या ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडवर लावलेला असतो, त्याच मोडवर तो घरोघरी वर्षानुवर्षं चालतो. हा मोड बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजारातल्या) शोरूमच्या झगझगाटात गिऱ्हाइकाची नजर खेचायला ठीक आहे. रात्री घरात तो पांढरं जास्त पांढरं आणि काळं जास्त काळं करतो, आणि मधल्या सगळ्या राखाडी छटा गिळतो. ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड लावा. पहिली दहा मिनिटं चित्र पिवळट वाटेल, नंतर डोळा सरावतो.

ब्राइटनेस लावायला वेगळी टेस्ट डिस्क नको. रुंद पिक्चरच्या वर-खाली ज्या काळ्या पट्ट्या येतात, तेच तुमचं माप. अंतराळाचा किंवा रात्रीचा प्रसंग येऊ द्या. खोलीतले दिवे घालवा. ब्राइटनेस एकेक अंक वाढवत न्या. एका ठिकाणी पट्ट्या काळ्याच्या राखाडी होतील. तिथून दोन-तीन अंक खाली या. पट्ट्या काळ्या, पण यानाच्या सावलीतल्या बाजूचे पत्रे दिसतायत, हे बरोबर. पत्रे तरीही दिसत नसतील तर एचडीएमआयची ब्लॅक लेव्हल किंवा रेंज बघा, म्हणजे काळं कुठून सुरू होतं ते ठरवणारं सेटिंग. बॉक्स ‘फुल’ पाठवतोय आणि टीव्ही ‘लिमिटेड’ समजून घेतोय, असं झालं की सावल्यांचा गोळा होतो. उलटं झालं तर काळं धुरकट दिसतं. टीव्हीत ‘ऑटो’ ठेवा. त्याने जमलं नाही तर दोन्हीकडे ‘लिमिटेड’.

नॉइज रिडक्शन, म्हणजे चित्रातली खरखर पुसणारं टीव्हीचं सेटिंग, बंद. हे सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत दुर्लक्षित. या यंत्रणेला काळ्यावरचा बारीक पांढरा ठिपका म्हणजे घाण वाटते, ती तो इमानेइतबारे पुसते, आणि आकाश रिकामं होतं. पडद्यावर तारे कसे दिसायला हवेत याचा अंदाज हवा असेल तर गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात एक खेळ बघून या, मग घरी येऊन हे सेटिंग चालू-बंद करून बघा. शार्पनेसही शून्याजवळ आणा. तो वाढवला की प्रत्येक ताऱ्याभोवती आणि यानाच्या कडेला पांढरी झालर येते.

हालचाल गुळगुळीत करणाऱ्या मोशन स्मूदिंगचं नाव कंपनीगणिक वेगळं: सोनीकडे मोशनफ्लो, एलजीकडे ट्रूमोशन. काहीही म्हणा, बंद करा. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मधली (1980) बर्फावर चालणारी अवाढव्य यंत्रं म्हणजे लहान मॉडेल्स एकेक फ्रेमला थोडी हलवून घेतलेलं चित्रण आहे. टीव्हीने मध्ये स्वतःच्या खोट्या फ्रेम घातल्या की त्या चालीतलं वजन जातं. कृष्णधवल पिक्चरसाठी, म्हणजे ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ (1951) वगैरेसाठी, कलर शून्यावर न्या. करड्या कोटावर रंगीत ठिपके नाचत असतील तर ते लगेच थांबतात. पिवळ्या वायरवर हा त्रास फार.

रुंदीचं गणित जरा शांतपणे बघू. आजचा टीव्ही 16:9, म्हणजे रुंदी उंचीच्या 1.78 पट. ‘ब्लेड रनर’ 2.39 चा. पूर्ण फ्रेम दाखवली तर 1080 पैकी साधारण 803 ओळींत चित्र आणि वर-खाली 138 ओळींच्या पट्ट्या. 43 इंची टीव्हीवर चित्राची उंची 40 सेंटिमीटर भरते. लोकांना हे सहन होत नाही, “पडदा वाया जातो” म्हणून रिमोटवरचं झूम दाबतात. झूमने पट्ट्या भरल्या की चित्राचा चौथा हिस्सा बाजूंनी जातो. शिवाय इंग्रजी चॅनेलं सबटायटल बहुधा खाली चिकटवूनच पाठवतात. झूम केलं की तेही कापले जातात. मे महिन्यात कूलर चालू असताना सबटायटलशिवाय इंग्रजी पिक्चर कळणार कोणाला? कूलर बंद करून पिक्चर बघा असा सल्ला नागपुरात कोणी देऊ नये.

‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ची चौकट मात्र जवळजवळ 4:3. तिच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या यायलाच हव्यात. बॉक्समध्ये अ‍ॅस्पेक्ट ‘ऑटो’ किंवा ‘पिलर बॉक्स’ ठेवा. ‘फुल’ ठेवलं की चित्र आडवं ताणलं जातं, माणसं चपटी होतात आणि उडती तबकडी बशीची परात होते. लांबुळकी माणसं याच्या उलट, रुंद चित्र 4:3 मध्ये चेपल्यामुळे. बॉक्स आणि टीव्ही दोघंही ताणताण करत असतील तर गोंधळ दुप्पट. ताणायचं काम बॉक्सकडे द्या, टीव्ही ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’वर (आलेलं चित्र जसंच्या तसं दाखवणारं सेटिंग) ठेवून गप्प बसवा.

सगळ्यांत वाईट प्रकार म्हणजे चारही बाजूंना पट्ट्या. चॅनेलने रुंद पिक्चर जुन्या 4:3 चौकटीत बसवला, ती चौकट तुमच्या टीव्हीने 16:9 मध्ये बसवली. एसडीच्या, म्हणजे साध्या दर्जाच्या, 576 ओळींपैकी चित्राच्या वाट्याला साधारण 321 येतात. फक्त इथे झूम दाबायला माझी हरकत नाही. आणि चॅनेलनेच बाजू कापून पाठवला असेल तर इलाज नाही. 2.39 चा पिक्चर 4:3 मध्ये कापला की 44 टक्के चित्र जातं. दोघं बोलतायत आणि एकाचं नुसतं नाक दिसतंय, असा प्रसंग आला की ओळखावं.

वायरचं थोडक्यात. एका लाइनवर दोन टीव्ही असतील तर मध्ये स्प्लिटर असतो. दोन फाट्यांचा स्प्लिटर प्रत्येक फाट्यावर साडेतीन ते चार डेसिबल खातो, म्हणजे निम्म्याहून जास्त सिग्नल. चार फाट्यांचा सात-आठ. तेव्हा दोनच टीव्ही असताना चार फाट्यांचा लावू नका. वायर आरजी-6 जातीची हवी. कनेक्टरमधून मधली तार दोन-तीन मिलिमीटर बाहेर डोकावली पाहिजे आणि भोवतीच्या जाळीचा एकही केस तिला शिवता कामा नये. पिळून बसवलेला कनेक्टर आपल्याकडच्या उन्हात सैल होतो, दाबून बसवलेला घ्या. गच्चीवरच्या जोडाला साधी पीव्हीसी टेप गुंडाळतात. मेमध्ये तिचा गोंद वितळतो आणि जूनमध्ये पाणी आत जातं. रबरी, स्वतःलाच चिकटणारी टेप वापरा. वायर खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे ओघळ तिथूनच गळून जातो.

बॉक्स टीव्हीमागच्या कपाटात कोंबू नका. बाहेर 45 अंश असताना बंद कप्प्यात तो तापून स्वतःच रिस्टार्ट होतो, आणि तेही दुपारच्या पिक्चरमध्ये. वर चारेक बोटं जागा मोकळी सोडा. पण म्हणून कूलरच्या थेट झोतातही ठेवू नका. दमट हवेने कनेक्टर गंजतात.

राहिली गायब झालेली गोष्ट. इथे कागद-पेन्सिल लागते. फिल्म सेकंदाला 24 फ्रेमची, आपलं प्रसारण 25 चं. सरसकट 25 ने चालवला की 117 मिनिटांचा पिक्चर 112 मिनिटांत संपतो, आणि दुरुस्ती केली नसेल तर आवाजही अर्ध्या स्वराच्या जवळपास चढतो. जाहिरातींना तासाला 12 मिनिटांची मर्यादा आहे, म्हणजे तासात पिक्चर 48 मिनिटं. 112 मिनिटांना 140 मिनिटांची वेळ हवी. आता बॉक्सवरच्या कार्यक्रमांच्या मार्गदर्शिकेत बघा: ‘ब्लेड रनर’ला दोनच तास दिलेत आणि जाहिराती भरपूर आहेत? मग साधारण 16 मिनिटं कुठेतरी कापलीत. 92 मिनिटांचा ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ 88 मिनिटांत होतो, तो दोन तासांत सुखाने मावतो. या हिशेबात बसणारी वेळ निवडा. तोच पिक्चर बहुधा आठवडाभरात पुन्हा लागतो, तेव्हा मध्यरात्रीनंतरचा खेळ रेकॉर्डला लावलेला बरा.

कापाकापीचं दुसरं कारण प्रमाणपत्र. ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्राचा पिक्चर टीव्हीवर तसाच दाखवता येत नाही, काटछाट करून पुन्हा तपासून घ्यावा लागतो. त्यामुळे भयाकडे झुकणाऱ्या अंतराळपटांत नेमका गाजलेला प्रसंग अर्धवट उडी मारतो. ‘ब्लेड रनर’च्या तर आवृत्त्याच अनेक. 1982 च्या आवृत्तीत नायकाचं निवेदन आहे आणि शेवट गोड आहे. 1992 च्या आवृत्तीत दोन्ही काढलं. 2007 ची ‘फायनल कट’ दिग्दर्शक रिडली स्कॉटच्या पूर्ण ताब्यातली. निवेदन ऐकू आलं की समजा पहिली लागली आहे. मला ती आवडत नाही, पण ती बघून मग 2007 ची बघणाऱ्याला जास्त मजा येते हेही खरं. ‘क्लोज एन्काउंटर्स’मध्ये शेवटी यानाच्या आतला भाग दिसला तर ती 1980 ची आवृत्ती, मूळ 1977 च्या पिक्चरमध्ये तो नाही.

काही गोष्टी बिघाड वाटतात आणि नसतात. ‘2001: अ स्पेस ओडिसी’ (1968) पूर्ण दाखवला तर सुरुवातीला काही मिनिटं नुसता काळा पडदा आणि संगीत. इन्फो बटण दाबा, पिक्चरचं नाव आलं तर सिग्नल आहे. त्यातल्या अंतराळात आवाज नाही, नुसता श्वास. टीव्हीचा ‘ऑटो व्हॉल्यूम’ चालू असेल तर तो त्या शांततेत खरखर वर खेचतो आणि पुढची जाहिरात कानात बसते, म्हणून तो बंद ठेवा. ‘फॉरबिडन प्लॅनेट’मधली (1956) गुरगुर आणि चिरचिर स्पीकर फाटल्याची नाही, ते लुई आणि बेबे बॅरन यांनी विद्युत मंडलांतून काढलेलं संगीत आहे, पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक पार्श्वसंगीत असलेला हा पहिला मोठा पिक्चर. आणि ‘मेट्रोपोलिस’ची (1927) 2010 ची दुरुस्त प्रत कधी लागलीच, तर मध्येमध्ये चित्र ओरखड्यांनी भरलेलं आणि जरा लहान दिसेल. तो भाग 2008 मध्ये ब्युनॉस आयरिसला सापडलेल्या 16 मिलिमीटरच्या झिजलेल्या प्रतीतून घेतलेला आहे. त्यासाठी केबलवाल्याला फोन करू नका, आणि नॉइज रिडक्शन तर मुळीच चालू करू नका.