‘हॅरी ओ’ची मराठी सबटायटल्स: सान दिएगोच्या भागांचं टायमिंग लॉक

‘हॅरी ओ’ ही खाजगी गुप्तहेर हॅरीची जुनी अमेरिकन टीव्ही मालिका. पायलट (चाचणीचे भाग) दोन, भाग ४४. पहिल्या सीझनच्या मध्यात मालिका सान दिएगोहून लॉस एंजेलिसला हलते; तिथपर्यंतच्या भागांचं टायमिंग आता पक्कं झालंय. आता त्यात कुणी हात घालू नये, कारण अहिराणी फाइल याच वेळांवर बसवायचीय.

सगळ्यात जास्त घोळ फ्रेमरेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं याचा. व्हिडिओ फाइल २५ची आणि एसआरटी (सबटायटलची फाइल) २३.९७६ला बांधलेली असली, तर पन्नास मिनिटांच्या भागात शेवटाला अक्षरं दोन मिनिटं मागे पडतात. सुरुवात जुळलेली दिसते, म्हणून कळत नाही. वेळ मागेपुढे सरकवून हे सुटत नाही. सगळ्या वेळांना ०.९५९०४ ने गुणायचं. ‘सबटायटल एडिट’ या प्रोग्रॅममध्ये फ्रेमरेट बदलायची सोय आहे, ती वापरा. पण फाइल २९.९७ दाखवत असेल तर आधी भागाची लांबी बघा. डिस्कवर बहुतेक वेळा त्याच २४ फ्रेम्सना पुलडाउन केलेलं असतं, म्हणजे काही चित्रं पुन्हा दाखवून आकडा वाढवलेला असतो, एकूण वेळ तेवढाच राहतो. तिथं गुणाकार केला की चांगली फाइल हातानं बिघडवली.

दुसरी अडचण मराठीच्या वाक्याची. इंग्रजीत खुन्याचं नाव बरेचदा वाक्याच्या शेवटी येतं. मराठीत सरळ लिहिलं की आधीच फुटतं, नट अजून श्वास घेतोय तोवर. अशी वाक्यं ‘गोळी झाडली ती...’ इथं तोडून नाव पुढच्या सबटायटलमध्ये टाका. मधे दोन फ्रेम्सची, म्हणजे ८३ मिलिसेकंदांची फट पुरते.

हॅरीच्या मनातल्या निवेदनाला इटॅलिक नको. देवनागरी फाँटात मुळात तिरपा साचा क्वचितच असतो, प्लेअर अक्षरं नुसती कलती करतो आणि खाटेवरून रफार दिसत नाही. एकेरी अवतरण ठेवलंय. सान दिएगोचा पोलीस अधिकारी मॅनी क्विनलन आणि हॅरी एकमेकांना ‘अरे-तुरे’. लॉस एंजेलिसच्या पोलीस लेफ्टनंट ट्रेंचशी मात्र दोन्हीकडून ‘तुम्ही’च. अँथनी झर्बीनं या भूमिकेसाठी १९७६चा एमी घेतला, त्याची तिरकस अदब ‘तू’त मरते.

वाचनाचा वेग सेकंदाला २० अक्षरं धरलाय, पण ‘श्री’ला प्रोग्रॅम चार मोजतो. लाल खूण दिसली की लगेच कापू नका, एकदा वाचून बघा.

टीव्हीच्या पेनड्राइव्हवर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसली तर फाइल यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) आहे ना ते पाहा. जोडाक्षरं सुटी पडत असतील तर दोष टीव्हीचा. मग एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्रॅमनं ‘मुक्ता’ फाँटात अक्षरं चित्रातच जाळून, म्हणजे कायमची उमटवून टाकायची. भुसावळकरांनी हे काम रात्री लावावं. वैशाखात दुपारी लॅपटॉप तापून वेग निम्म्यावर येतो, आणि मधेच लाइट गेली तर अर्धवट एमपी४ उघडतसुद्धा नाही. आधी एमकेव्ही (व्हिडिओ फाइलचा दुसरा प्रकार) करा, ती निदान तिथपर्यंत चालते.

ट्रेंचचे भाग धुळ्याकडे आहेत. पहिली फाइल आली की अहिराणीचं वाटप करू.