रब्बी अकिवा आणि न दिलेला देहदंड

ज्यू धर्मशास्त्रातील देहदंडाचा विषय निघाला की इ.स. च्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील ज्यू धर्मपंडित रब्बी तार्फोन आणि रब्बी अकिवा यांचे मत हमखास सांगितले जाते: आम्ही न्यायसभेत असतो, तर कोणालाही कधीच देहदंड झाला नसता. मिश्ना या ज्यू मौखिक कायद्याच्या संग्रहातील त्याच उताऱ्यात सात वर्षांतून एकदा देहदंड देणारी न्यायसभा संहारक ठरवली आहे. एलाझार बेन अझारिया तर हा शब्द सत्तर वर्षांतून एकदा देणाऱ्या सभेलाही लावतात. लगेच पुढे मात्र रब्बान शिमोन बेन गमलिएल यांचे उत्तर येते की अशाने इस्राएलात खुनी वाढले असते. हे उत्तर सहसा कोणी सांगत नाही.

तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात खून, व्यभिचार, मूर्तिपूजा, शब्बाथचा (साप्ताहिक विश्रांतीच्या पवित्र दिवसाचा) भंग अशा अनेक गुन्ह्यांना देहदंड आहे. रब्बींनी तो रद्द केला नाही, पुराव्याच्या अटी मात्र विलक्षण कडक केल्या. दोन साक्षीदारांनी कृत्य प्रत्यक्ष पाहिलेले असावे, त्याआधी आरोपीला शिक्षेची ताकीद मिळालेली असावी, आणि ‘ठाऊक आहे, तरीही करतो’ असे म्हणून त्याने ती स्वीकारलेलीही असावी. इतका शांतपणे बोलून खून करणारा माणूस मिळणे कठीणच! आरोपीच्या कबुलीवर शिक्षा देता येत नाही. २३ न्यायाधीशांत सुटकेसाठी एका मताचे आधिक्य पुरते, दोषी ठरवण्यासाठी दोन मतांचे लागते. आणि सर्वांनीच एकमुखाने दोषी म्हटले, तर तालमुद या मिश्नेवरील रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथातील एका मतानुसार आरोपी सुटतो, कारण त्याच्या बाजूने रात्रभर विचार करणारा कोणीच उरलेला नसतो.

तरीही मिश्ना संकलित झाली ती इ.स. २०० च्या सुमारास, आणि जेरुसलेममधील ज्यू मंदिराचा विध्वंस इ.स. ७० मध्ये होण्यापूर्वी ४० वर्षे देहदंडाचे खटले बंद पडले होते, असे तालमुदच सांगतो. अकिवांच्या हाती तो अधिकार कधी नव्हताच, हे विसरून त्यांचे कौतुक करणे मला सोपे वाटते. खून निश्चित, पण विधिवत साक्ष नाही, अशा माणसाला कोठडीत टाकून अपुऱ्या अन्नपाण्यावर ठेवण्याची तरतूद मिश्नेतच आहे, आणि बाराव्या शतकातील धर्मशास्त्रकार मैमोनिदीझ राजाला ताकिदीशिवायही खुन्याला मारण्याची मुभा देतात. समाजाच्या रक्षणाची शिमोन यांची चिंता अशा आडवाटांनी शास्त्रात टिकून राहिली.

सत्ता हाती आल्यावर इस्राएलने १९५४ मध्ये खुनासाठीचा देहदंड रद्द केला. १९६२ मध्ये ज्यूंच्या नरसंहारातील नाझी अधिकारी आइखमनला फाशी झाली, ती नाझी गुन्ह्यांसाठी १९५० मध्ये केलेल्या वेगळ्या कायद्याखाली.