तुम्ही विचारलंत म्हणून : रोज फूल रंगवायला वेळ कुठून मिळतो?

माझ्या टेबलावरची वही चाळणारे बहुतेक जण दोन प्रश्न विचारतात. रोज एक फूल रंगवायला वेळ कुठून मिळतो, हा पहिला. आणि तीच ती फुले काढून कंटाळा येत नाही का, हा दुसरा. परवा तुम्ही दोन्ही एका दमात विचारलेत आणि चहाच्या गडबडीत नीट उत्तर देता आले नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

वेळ मी काढत नाही. तो फूल ठरवून देते. पारिजातक रात्री उमलतो आणि उजाडता उजाडता गळतो. ऊन अंगणात उतरले की त्याच्या पाकळ्या मऊ पडून कडांनी मुडपायला लागतात. जास्वंद सकाळी पूर्ण उघडते आणि बहुधा त्याच संध्याकाळी मिटायला लागते. गुलबक्षी दुपार कलल्याशिवाय उघडतच नाही. ज्यांची सकाळ डबे आणि शाळेच्या बस यांत जाते, त्यांनी जास्वंदीच्या मागे न लागता गुलबक्षी निवडावी, असे मी सांगते. फूल थांबत नाही हे एकदा मनाने घेतले की ‘जेवणानंतर बसू’, ‘रविवारी बसू’ या सबबी आपोआप मागे पडतात. माझ्या सवयीचे खरे बळ त्या घाईतच आहे.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहते. परसात जास्वंद आणि पारिजातक आहे. बाकीच्या दिवसांसाठी अंबाबाईच्या महाद्वाराकडचे फुलवाले आहेत. देवाला वाहायची शेवंती आणि झेंडू देठ खुडूनच विकायला येतात, आणि मला तर देठ हवाच असतो, कारण फुलाचा भार कुठे झुकला आहे आणि ते कोणत्या बाजूला तोंड करून आहे हे देठाशिवाय कळत नाही. तिथल्या एक मावशी आता माझ्यासाठी लांब देठाची एखादी शेवंती बाजूला काढून ठेवतात आणि ‘घे बाई, ही तुझी’ म्हणून हातात देतात.

कंटाळ्याचे उत्तर जास्वंदीकडेच आहे, म्हणून तिच्याजवळ थोडे थांबते. तिच्या पाच पाकळ्यांपैकी प्रत्येकीची एक कड शेजारणीवर चढलेली असते आणि दुसरी कड पलीकडच्या शेजारणीखाली गेलेली असते, त्यामुळे सगळे फूल एका दिशेने पिळल्यासारखे दिसते. ही दिशा ठरलेली नसते. एकाच झाडावर डावीकडे वळलेली फुलेही सापडतात आणि उजवीकडे वळलेलीही. मधून बाहेर आलेल्या नळीवर पिवळे परागकोश असतात, आणि अगदी टोकाला ती नळी पाच बारीक फाट्यांत विभागून प्रत्येक फाट्यावर एक लाल ठिपका ठेवते. फूल उलटे करून पाहिले तर हिरव्या पेल्याच्या खाली अरुंद पात्यांचा आणखी एक घेर दिसतो. एवढे सगळे ज्या फुलात आहे, ते दुसऱ्या दिवशी वेगळ्या कोनातून समोर आले की तेच फूल म्हणता येत नाही.

ही रचना मी शाईनेच पकडते, पेन्सिलीने नव्हे. खोडरबर हाताशी असले की डोळा आळसावतो, असे माझे ठाम मत आहे. शाईची रेघ पुसता येत नाही, म्हणून ती ओढण्याआधी पाकळी कुठून निघते आणि कुठे दुसरीखाली लपते हे पाहून घ्यावेच लागते. शाई मात्र वाळल्यावर पाण्याने न हलणारी, रंगद्रव्याची हवी. फाउंटन पेनमधली साधी शाई बहुधा विरघळणाऱ्या रंगाची असते आणि ओला ब्रश फिरताच पसरते. पाकळीच्या लाल रंगात ती मिसळली की चित्राचा ताजेपणा जातो. रेघा पूर्ण वाळू द्याव्यात, मग पाण्यात बराच पातळ केलेला पहिला थर द्यावा, आणि गाभ्याजवळचा गर्द रंग तो थर ओलसर असतानाच टोकाने सोडावा. तिथून तो स्वतःच कडेकडे पसरत जातो, आणि तसा उतरता रंग कितीही घोटून आणता येत नाही.

पारिजातकाला हा क्रम चालत नाही. पांढऱ्या पाकळीभोवती काळी रेघ आली की तिचा नाजूकपणा संपतो. जलरंगात पांढरा रंग म्हणजे न रंगवलेला कागद, म्हणून तिथे मी आधी पाकळ्यांच्या मागची हिरवट-राखाडी सावली रंगवते, तिच्यातून पाकळ्या मोकळ्या ठेवते, आणि केशरी देठाला शेवटी हात लावते. शाई आलीच तर पाकळीच्या दुभंगलेल्या टोकाशी एखादा तुटक स्पर्श. या फुलाच्या पाकळ्या कधी पाच, कधी सहा, कधी सात असतात, त्यामुळे मोजल्याशिवाय पहिला ठिपकासुद्धा ठेवता येत नाही.

कोल्हापूरचा पाऊस हा या सवयीतला मोठा भाग आहे. आषाढ-श्रावणात हवेत इतका ओलावा असतो की पातळ थरही लवकर वाळत नाही, आणि दमट कागदावर शाईची रेघ केसाळ होते. त्या दिवसांत मी क्रम उलटा करते: आधी रंग, मग तो कोरडा होईपर्यंत घरकाम, आणि शाई सर्वांत शेवटी. चैत्र-वैशाखात याच्या उलट ब्रश उचलण्याआधीच थराची कड वाळून कडक होते, म्हणून पाकळी आधी नुसत्या पाण्याने भिजवून घ्यावी लागते. कागदावर मात्र काटकसर करू नये. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), कापसाच्या लगद्याचा कागद छोट्या तुकड्यात कापून वापरणे हे मोठ्या हलक्या कागदापेक्षा केव्हाही चांगले, कारण हलका कागद दुसऱ्याच थराला फुगतो.

रंग घेताना ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचावा. पीआर ८३ म्हणजे अलिझरिन क्रिमझन. गर्द लालासाठी तो मोहात पाडतो, पण उजेडात फिका पडत जातो. तेरड्याचा रंग तीन दिवस हे तेरड्याला शोभते, त्याच्या चित्राला नाही. गुलाबी आणि जांभळट लालासाठी मी पीव्ही १९, म्हणजे क्विनाक्रिडोन घेते. तो उजेडात टिकतो. गोकर्णीसाठी अल्ट्रामरीन निळा पुरतो, त्यात याच क्विनाक्रिडोनचा किंचित अंश घातला की तिचा जांभळटपणा येतो.

तीच वस्तू रोज काढण्याबद्दल कोणी नाक मुरडले की मला आबालाल रहिमान आठवतात. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांच्या काळात इथे दरबारी चित्रकार राहिले आणि १९३१ मध्ये वारले. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा हा आपल्या रोजच्या पायाखालचा परिसर त्यांनी जलरंगात पुन्हा पुन्हा रंगवला. त्यांची योग्यता वेगळी, तिथे तुलना नको. पण जवळचेच पाहत राहावे, लांब जाण्याची गरज नाही, हे त्यांच्या चित्रांनी मला जितके पटवले तितके कोणत्याही वर्गाने पटवले नाही.

तुम्हाला सुरू करायचे असेल, तर सदाफुलीपासून करा. ती वर्षभर मिळते, कुंडीत येते, आणि एकच फूल एकाहून अधिक दिवस टिकते, म्हणून सुरुवातीला घाई होत नाही. पाच पाकळ्या, मध्ये गडद डोळा, आणि पाकळ्यांचा हलकासा एका बाजूला वळलेला कल, एवढेच आधी शाईने टिपा. तळहाताएवढा कागद, एक पेन, सहा नंबरचा एक गोल ब्रश आणि तीन रंग पुरतात. पहिल्या आठवड्यात रंग न लावता नुसत्या रेघा ओढल्यात तरी चालेल. वही घेऊन या, आपण मिळून पाहू.