यॉर्कमध्ये गेट म्हणजे रस्ता

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात नवखा माणूस पहिल्याच दिवशी फसतो. नकाशात स्टोनगेट, मिकलगेट, कॉपरगेट वाचून तो दरवाजा शोधत बसतो, आणि दरवाजा नसतोच. हे ‘गेट’ व्हायकिंगांच्या ‘गाटा’वरून आलेलं, म्हणजे रस्ता. वेशीला म्हणायचं ‘बार’: बूथम बार, मंक बार. तिथे बिअर मिळत नाही.

ऑस्ट्रेलिया-कॅनडातून मूळ पुरुष शोधत येणाऱ्यांनी हा धडा लक्षात ठेवावा, कारण इथल्या चर्चच्या जुन्या वह्यांतल्या नोंदींचंही असंच आहे. समजा, मे 1720 मध्ये लग्न आणि फेब्रुवारी 1720 मध्ये पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा. चारित्र्यावर शंका घेण्याआधी कॅलेंडर पाहावं. 1751 पर्यंत इंग्लंडचं सरकारी वर्ष 25 मार्चला सुरू होई. म्हणजे तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने 1721 चा. नऊ महिने व्यवस्थित भरतात.

जन्म-मृत्यूची सरकारी नोंद 1 जुलै 1837 पासूनची. त्यामागे जायचं तर चर्चच्या वह्या, आणि तटबंदीच्या आतल्या एवढ्याशा शहरात पॅरिश, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दी, डझनावारी. नुसतं ‘आमचे यॉर्कचे’ म्हणून भागत नाही, पॅरिश कळावी लागते. ती 1851 च्या जनगणनेत सापडते. 1841 ची मोहात पाडते, पण तीत जन्मगाव नाही, जन्म त्याच काउंटीतला की नाही एवढंच. शिवाय पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पाढ्यात खाली ओढलेलं असतं. चौतिशीचा माणूस तिशीचा होतो आणि जन्मसाल चुकतं. 1851 मध्ये जन्माच्या रकान्यात ‘ईस्ट इंडीज’, म्हणजे हिंदुस्थानकडचा मुलूख, निघालं तर यॉर्क सोडून लंडन गाठायचं. मुंबई इलाख्यातल्या गोऱ्यांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात एन/3 या खुणेखाली आहेत. पुणे-खडकीच्या छावण्यांतल्या नोंदी तिथेच पाहाव्यात.

पॅरिशच्या मूळ वह्या यॉर्कच्याच हेस्लिंग्टन भागात, विद्यापीठाच्या आवारातल्या बॉर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. पुष्कळ पानांची छायाचित्रं फाइंडमायपास्ट या वेबसाइटवर आहेत, तेवढं घरीच उरकावं. लग्नाची वही मात्र नीट पाहावी. 1754 नंतर वधू-वरांना सही करावी लागे. न येणाऱ्याने काढलेली फुली असते, जरा थरथरती, शाई एका टोकाला साकळलेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना कारकुनाच्या झोकदार अक्षरात नाव. आपली ‘निशाणी डावा अंगठा’च. स्पेलिंग कानाला ऐकू आलं तसं, त्यामुळे एकाच माणसाचं आडनाव तीन वह्यांत तीन प्रकारे लिहिलेलं आढळतं. त्यात घराण्याचा वाद शोधू नये.

थडग्याचं म्हणाल तर बहुतेकांची निराशा होते. शहरातल्या चर्चांच्या अंगणातलं दफन 1850 च्या दशकात थांबलं. 1837 पासून तटाबाहेर यॉर्क सेमेटरी होतीच. तिथे गरिबांना सामायिक खड्डा, एकाच कबरीत अनोळखी माणसं. दफनाची नोंद सापडते, दगड नसतो. असलाच तर शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडू नये, अक्षरंच निघून येतात. संध्याकाळी जावं किंवा बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून टॉर्च धरावा. खाचेत सावली पडते आणि पुसलेलं नाव वाचता येतं.