पंधरा मिनिटांचं गाव

२६ जुलै, रात्री

सांगलीत आज अठरावा दिवस. इथे पाऊस जेमतेम आहे, कोसळतोय तो कोयनेच्या अंगाला. त्यामुळे आभाळाकडे कुणी बघत नाही, सगळे मोबाइलकडे बघतात. दूधवाला, इस्त्रीवाला, समोरच्या काकू, सगळ्यांच्या तोंडी एकच: "आयर्विनला किती?" सकाळी २६ फूट होतं, संध्याकाळी २९. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, नदीचं पाणी तिथे फुटांत मोजतात. पूल १९२९ चा, पण अख्खा गावभाग, म्हणजे नदीकाठची आमची जुनी वस्ती, अजून त्याच्या आकड्यावर झोपतो आणि उठतो. ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ मध्ये ५७ च्या वर गेलं होतं. आमच्या जिन्याच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ आहे. नंतर घराला रंग दिला, पण तेवढा पट्टा अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मुद्दाम सोडायला लावला.

मी चिंचवडची. पवनेपासून दहा मिनिटांवर वाढले, पण नदी किती फूट आहे हे विचारायचं कधी सुचलं नाही. पुण्याकडे बोलतात ते क्युसेकमध्ये, धरणातून सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं त्यावर. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेक सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकता नगरीत माणसं घरात अडकली. पूर दोन्हीकडे येतो. इथे निदान पोटभर घाबरायला दोन दिवस मिळतात.

मूळ मुद्दा बाजूलाच राहिला. नवऱ्याला कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत नोकरी मिळतेय. पगार आत्ताच्या चाकणच्या नोकरीपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी. पण चिंचवडच्या फ्लॅटचं भाडं वाचेल आणि रोजचे जाऊन-येऊन तीन तासही. माझं काम जीएसटी रिटर्न भरायचं. ११ आणि २० तारीख सांभाळली की मी कुठे बसलेय याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. लेक साडेतीन वर्षांची. तिची शाळा एकदा सुरू झाली की हलणं कठीण, म्हणून हे यंदाच ठरवायचं. तो म्हणाला, "आपण परत जाऊ." तो 'परत' शब्द त्याचा आहे. मी नुसती जाणार.

म्हणून ही तीन आठवड्यांची रंगीत तालीम. तो तिकडे, मी आणि लेक इकडे.

पहिले आठ दिवस नेहमीच्या सुट्टीसारखेच गेले. भडंग आणि कच्चा कांदा, गणपतीचं देऊळ, आमराईत फेरी, रोज कुणीतरी भेटायला. "आलाय व्हय? या की घरी, जेवूनच जावा." सांगली मला अशीच माहीत होती, चार दिवसांच्या मुक्कामाची. नवव्या दिवशी कुणी आलं नाही. दहाव्या दिवशी समोरच्या काकूंनी विचारलं, "अजून हाय होय?" पाहुणेपण संपल्याचं मला तिथे कळलं. आता मी इथली झाले की काय, अशी एक बारीक धास्तीही वाटली.

वहीत दोन रकाने आखून बघितले, पण त्यात काही दम नाही. दवाखाना पुण्याच्या रकान्यात लिहिला आणि लगेच खोडला, कारण मिरज दहाएक किलोमीटरवर आणि तिथल्या दवाखान्यांत कर्नाटकातून पेशंट येतात. नाटकाचं उलट. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं ते इथे, म्हणून ही नाट्यपंढरी. पण शनिवारी मनात आलं आणि नाटकाला गेलं, हे मला चिंचवडला जमतं. इथे प्रयोग लागायची वाट बघावी लागते. शिवाय रकान्यात न मावणारं एक सुख आहे. चिंचवडला मी गाऊनवर ओढणी टाकून कोथिंबीर आणायला खाली उतरते. इथे मारुती चौकापर्यंत गेले तर घरी पोचायच्या आधी मी कुठला ड्रेस घातला होता ते घरी पोचलेलं असतं.

तरी तेही सहन होईल. मला गंमत वाटते ती पंधरा मिनिटांची. सांगलीचा हा मोठा मान: कुठेही जा, पंधरा मिनिटं. स्टेशन, बाजार, लेकीची होऊ घातलेली शाळा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं, कारण मी वाकडच्या चौकात सिग्नलला तेवढा वेळ बसलेली बाई आहे. पण जिथे सगळं पंधरा मिनिटांवर, तिथे न जायला कारण उरत नाही. या अठरा दिवसांत एक बारसं, दोन डोहाळजेवणं, एक तेरावं आणि चुलतसासूबाईंच्या मावसबहिणीची साठी, एवढं झालं. पुण्यात 'अहो, ट्रॅफिक' म्हटलं की समोरचा माणूस स्वतःच उसासा टाकतो आणि माफ करतो. इथे मी ट्रॅफिक म्हणाले असते तर चेष्टा झाली असती.

आणि आज दुपारी भांडी लावताना उरलेलं डोक्यात आलं. चिंचवड आणि गावभाग यांच्यातले जवळजवळ अडीचशे किलोमीटर हे सुद्धा माझं एक ट्रॅफिकच आहे. आम्ही वेगळे राहतो याचं कारण आजवर कुणाला द्यावं लागलं नाही. नोकरी तिकडे, बस. सासूबाई चांगल्या आहेत, खरंच. परवा मी रिटर्न भरत होते तर लेकीला घेऊन दोन तास गच्चीवर बसल्या. पण स्वयंपाकघर एक आहे आणि त्यात डबे कुठे ठेवायचे हे ४० वर्षांपूर्वी ठरलेलं आहे.

मला सांगली चालेल. विश्रामबागला दोन खोल्या भाड्याने घेतल्या तर. हे वाक्य मी लिहिलं आणि पेन खाली ठेवून दाराकडे बघितलं. गावभागात वरच्या तीन खोल्या रिकाम्या असताना मुलगा-सून विश्रामबागला भाडं भरणार, तेही रिक्षानं पंधरा मिनिटांवर! पुण्याला राहिलो तर भांडण नाही, लंडनला गेलो तर पेढे वाटतील. विश्रामबागला गेलो तर घर फुटलं.

संध्याकाळी सासूबाई कागदपत्रांची पत्र्याची पेटी माळ्यावर ठेवत होत्या. मी म्हटलं, "आई, अजून २९ आहे." त्या म्हणाल्या, "५७ ला कोण चढणार माळ्यावर?" मी स्टूल धरलं.

नऊ वाजता त्याचा फोन आला. मी जिन्यात जाऊन हळू आवाजात सगळं सांगितलं, विश्रामबागसकट. तो ऐकत होता. चिंचवडच्या घरमालकाला दोन महिने आधी सांगावं लागतं, म्हणजे पहिल्या तारखेच्या आत ठरवायला हवं, हेही बोलले. मग विचारलं, "आई-अण्णांना तू सांगणार की मी?"

बराच वेळ काही नाही. मग तो म्हणाला, "आयर्विनला किती?"

"२९," मी म्हटलं.