फ्लॅग कोठे ठेवायचे

आमच्या प्रकल्पात प्रोसेसरचे फ्लॅग, म्हणजे एकेका बिटाच्या चालू-बंद खुणा, मी एका वेगळ्या हेडर फाइलमध्ये (इतर कोड फाइलींना जोडायची व्याख्यांची फाइल) ठेवले होते. आज सरांचा निरोप आला, 'ही वेगळी हेडर फाइल नको, सगळे मुख्य प्रोसेसर हेडरमध्ये टाक.' कारण दिले नाही, काही विचारलेही नाही. संध्याकाळपासून रत्नागिरीत पाऊस कोसळतो आहे, वीज गेलेली आहे, आणि लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर हे लिहून काढावे असे वाटते, कारण मन त्या एका ओळीपाशीच घुटमळते आहे.

ईफ्लॅग्ज या प्रोसेसरच्या स्थिती-रजिस्टरमधला इंटरप्ट फ्लॅग हा ९ क्रमांकाचा बिट, म्हणजे हेक्समध्ये (सोळाच्या पायात) २००. सीआर० या नियंत्रण-रजिस्टरमध्ये प्रोटेक्टेड मोडचा बिट ०, पेजिंगचा ३१. ही मूल्ये आम्ही ठरवलेली नाहीत. ती इंटेलच्या मॅन्युअलमध्ये छापलेली आहेत आणि आमच्या प्रकल्पाचे काहीही झाले तरी बदलणार नाहीत. मुख्य हेडरमधली स्ट्रक्चर्स, म्हणजे सी भाषेतल्या माहितीच्या रचना, मात्र आमची आहेत, त्यांत सतत कुणाचा तरी हात असतो. शिवाय हे फ्लॅग बूटच्या असेम्ब्ली कोडलाही लागतात, आणि मुख्य हेडर जोडले की असेम्ब्ली कोडचे भाषांतर करणारा असेम्ब्लर पहिल्याच स्ट्रक्चरपाशी अडतो, कारण त्याला सी कळत नाही. सामाईक विहीर कुणी आपल्या माजघरात खोदत नाही. एवढेच मला मांडायचे होते आणि तेवढीही संधी मिळाली नाही, हे मनाला लागले आहे.

त्यात ३१ व्या बिटाची गोष्ट निराळीच. सी मध्ये १ ला यूएल (अनसाइन्ड लाँग, म्हणजे चिन्हाविना संख्या) हा प्रत्यय जोडून मगच तो सरकवावा लागतो, कारण साध्या इंट या पूर्णांकात ती जागा धन-ऋण चिन्हाची असते. असेम्ब्लरला मात्र ते यूएल कळत नाही. लिनक्समध्ये यासाठी केवळ सी पुरताच प्रत्यय चिकटवणारा मॅक्रो (कोडमध्ये आपोआप मजकूर घालणारी व्याख्या) आहे, आणि फ्लॅगची हेडर फाइलही वेगळी आहे. हे सारे मी फाइलच्या माथ्यावर टिपून ठेवले होते. ते कुणी वाचले तरी असेल का?

जेवण झाल्यावर सरांच्या जागी बसून पाहिले. मुख्य हेडर घेणाऱ्या सी फाइली पुष्कळ आहेत, त्या प्रत्येकीत नवी ओळ घालावी लागेल अशी धास्ती त्यांना वाटली असणार, आणि ती रास्त आहे. स्ट्रक्चर्सभोवती अट घालून ती असेम्ब्लरपासून झाकता येतात हेही खरे, फक्त मग प्रत्येक नव्या स्ट्रक्चरच्या वेळी ती अट आठवणीने पाळावी लागते. उद्या सरांना इतकेच कळवणार आहे, की फ्लॅग वेगळ्या फाइलमध्ये राहू द्यावेत आणि मुख्य हेडरने ती फाइल स्वतःच जोडून घ्यावी, म्हणजे जुन्या फाइलींत एकही ओळ बदलणार नाही. तरीही नको म्हणाले, तर अट घालून मुख्य हेडरमध्येच टाकेन. यूएलचा मॅक्रो मात्र सोडणार नाही.